जिम्पमध्ये नाताळचे चकचकीत गोळे काढतोय पण चकाकीच येईना

पिक्सेल पाटील

मंडळी नमस्कार, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बेकरीचं नाताळच्या प्लम केकचं काम आलंय, एक फ्लेक्स दुकानाबाहेर लावायला आणि केकच्या बॉक्सचं झाकण, आणि मालकांची मागणी एकच, झाडाला टांगतात ते चकचकीत गोळे पाहिजेत, लाल, सोनेरी आणि एक निळा, बघितल्यावर हात लावावा वाटला पाहिजे म्हणाले. फोटो नको म्हणतात कारण गेल्या वर्षी नेटवरनं घेतलेला फोटो तसाच्या तसा पुढच्या चौकातल्या दुकानावर पण झळकला होता, त्यामुळं ह्यावेळी काढूनच द्यायचं ठरलंय.

माझ्याकडं जिम्प २.१० आहे, म्हणजे चित्र काढायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, लॅपटॉप जुना, पेन टॅबलेट नाही, सगळं माउसवर. आत्तापर्यंत केलंय ते असं, इलिप्स सिलेक्टनं गोल घेतला, त्यात रेडियल ग्रेडियंट, मध्ये फिकट लाल आणि कडेला गडद, मग वर डावीकडं पांढरा सॉफ्ट ब्रश एकदा टेकवला. गोल दिसतोय, नाही असं नाही, पण रबरी चेंडू वाटतोय नुसता. व्हिडिओ बघितले तर प्रत्येकजण शेवटी म्हणतोय स्क्रीन मोड टाका. टाकला. चेंडू जरा पांढरट झाला. सोनेरीचं तर विचारूच नका, पिवळाच दिसतोय. काय कमी पडतंय सांगा की कुणीतरी.

झटपट

कशाला डोकं लावतोस भावा, पीएनजी सर्च मार, बॅकग्राउंड काढलेले ढीगभर गोळे मिळतात. नाहीतर एआयला सांग, दोन मिनिटात विषय कट.

पिक्सेल पाटील

दादा वरचं वाचलंस का, तेच तर नको म्हणालेत. सगळ्यांनी तेच सर्च मारलं की सगळ्यांचा गोळा तोच येतोय.

हुपरीकर

पाटील, ग्रेडियंटचा नाद सोडा जरा. आमचं घर चांदीच्या धंद्यातलं, लहानपणापासून पॉलिशचा माल बघत आलोय, त्यामुळं ह्यावर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो. चकाकी हा वस्तूचा रंग नव्हे, समोर जे काय आहे त्याचं प्रतिबिंब ते. मॅट वस्तूवर उजेड हळूहळू कमी होत जातो आणि तुमचा रेडियल ग्रेडियंट अगदी तेच दाखवतोय, म्हणून चेंडू दिसतोय, जिम्पचं काय चुकलेलं नाही. पॉलिश केलेल्या वस्तूवर हळूहळू असं काही नसतंच. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ पेठेत, कुठल्यापण दुकानात उभं राहून चांदीचा तांब्या नाहीतर पेला डोळे बारीक करून बघा, पांढरा भक्क पट्टा आणि त्याला चिकटून काळा, मध्ये पायरीच नाही. पांढरा म्हणजे दुकानाचं दार, काळा म्हणजे बघणारे तुम्ही स्वतः.

आणि गोळ्यात तर जवळजवळ अख्खी खोली मावते. बघणाऱ्याच्या बाजूचं मध्यभागी मोठं दिसतं, आजूबाजूचं आणि गोळ्याच्या मागचं सगळं कडेला चेपून बारीक वाकड्या पट्ट्या होतात. त्यामुळं गोळा काढायच्या आधी तो कुठं टांगलाय ते ठरवायचं, मग ती जागा त्यात काढायची, चकाकी आपोआप येते.

आता माउसवर कसं करायचं ते. गोल एकाच मध्यम लाल रंगानं भरा, ग्रेडियंट नाही, आणि लेयरला (चित्राच्या त्या थराला) लॉक अल्फा लावा म्हणजे रंग बाहेर जाणार नाही. पुढच्या प्रत्येक लेयरच्या आधी त्या गोलावर अल्फा टू सिलेक्शन करायचं, म्हणजे तेवढाच गोल निवडला जातो. वर नवीन लेयर, त्यावर खालच्या निम्म्या भागात गडद रंग, पण त्याची वरची कड सरळ नको, खाली फुगलेली कमान पाहिजे, ती म्हणजे जमीन आणि भिंत मिळतात ती रेघ. ह्या गडद भागाला अगदी बाहेरच्या कडेपर्यंत न्यायचं नाही हे ध्यानात ठेवा, सगळ्यात काळी जागा कडेच्या थोडी आत असते आणि कडेला उजेडाची बारीक चंद्रकोर राहते. ती कोर काढायला सोपं आहे, गोळ्याचं सिलेक्शन घ्या, कंट्रोल दाबून त्याच्यातनं जरा वर सरकवलेला दुसरा गोल वजा करा, खाली कोर उरते, फिकट रंग भरा, थोडा गॉशियन ब्लर म्हणजे कड मऊ होते, ऑपॅसिटी (रंगाचा दाटपणा) तीस चाळीस टक्के.

मग खिडकी. पाथ टूलनं चार कोपऱ्यांचा आकार घ्या, बाजू गोळ्याच्या वळणाप्रमाणं वाकवा, पांढरा भरा. लेयर मास्क (काळं भराल तिथला भाग झाकणारा पडदा) लावून खालच्या अंगाला थोडी विरघळवली तरी चालेल, पण वरची आणि बाजूची कड कडकच पाहिजे, ब्लर दिला तर एक दोन पिक्सेल, त्याच्यावर नाही. तुमचा सॉफ्ट ब्रश इथंच नडतोय बघा, मऊ ठिपका आला की डोळ्याला रबर वाटणारच.

तैलरंग

हुपरीकरांनी नेमकं सांगितलंय. मी शाळेत चित्रकला शिकवते, वस्तुचित्रात पोरं काचेचा पेपरवेट काढताना हेच करतात, उजेड वाढवत बसतात आणि अंधार द्यायला घाबरतात. पाटील, स्क्रीन मोडनं रंग फक्त उजळतो, तो गडद कधीच करू शकत नाही आणि तुमच्या गोळ्यात गडद कमी आहे, मग स्क्रीन किती वेळा टाकणार. अंधाराचे लेयर मल्टिप्लायवर ठेवा, तो मोड खालचा रंग गडद करतो, पांढरे लेयर नॉर्मललाच ठेवलेत तरी काही बिघडत नाही.

सावलीला सरळ काळा घेऊ नका पण, मळकट होतं. लालाची सावली किरमिजीकडं न्या, अगदी तळाशी थोडा जांभळा. निळ्याची गडद शाई. सोनेरी तुम्हाला पिवळा दिसतोय त्याचं कारण तुम्ही सोनं म्हणजे पिवळा धरून चाललाय. सोनेरी गोळ्यात खरा पिवळा अगदी थोडा असतो, गडद तपकिरीपासून ते जवळजवळ पांढऱ्या पिवळट रंगापर्यंत सगळा पसारा असतो आणि ते रंग एकमेकांशेजारी थेट बसतात. सावलीत किंचित हिरवट तपकिरी टाकून बघा, सोनं लगेच बोलायला लागतं.

एक मात्र हुपरीकरांच्या विरोधात बोलते. खिडकी, आणि तिच्यात ते अधिकच्या खुणेसारखे गज, जगातल्या निम्म्या चित्रांत तेच असतं. तुमच्या मालकांना दुसऱ्याच्या दुकानावर नसलेलं पाहिजे ना? मग बेकरीच काढा की गोळ्यात. उघडं शटर म्हणजे उभा आयत, बाहेरचा उजेड, तोच तुमचा पांढरा. बाजूला काउंटरची आडवी पट्टी, मागं रॅकवरच्या ट्रेच्या दोन तीन वाकड्या रेघा. ओळखू येण्याइतकं स्पष्ट काढायची गरज नाही. आणि तिन्ही गोळ्यांत शटर एकाच बाजूला पाहिजे, आणि गोळे शेजारी असले तर लालाच्या कडेला सोनेरीची एक बारीक पट्टी द्यायला विसरू नका, त्यानं ते एकत्र टांगलेत असं वाटतं.

हुपरीकर

मान्य ताई, शटर लै भारी. खिडकी मी सवयीनं बोललो.

पिक्सेल पाटील

ताई शटरची आयडिया मालकांना फोनवर सांगितली तर ते म्हणाले शटरवर बेकरीचं नाव पण दिसेल काय 😄 दिसलं तर उलटं दिसेल म्हटलं.

लाल गोळा परत केला, मल्टिप्लायवर कमान, खाली कोर, डावीकडं शटर. खरंच फरक पडला, पहिल्यांदा काच वाटली. पण आता दोन अडचणी. गडद भागात जिथं थोडा ग्रेडियंट ठेवलाय तिथं पट्टे पट्टे दिसायला लागलेत. आणि निळ्या गोळ्यावर चांदण्यांची नक्षी पाहिजे, ती चिकटवली तर सपाट स्टिकर वाटतंय.

ग्लोरी के

नक्षीचं सांगते. सपाट चांदण्यांचं चित्र वेगळ्या लेयरवर करा आणि फिल्टर्समध्ये मॅप, त्यात मॅप ऑब्जेक्ट, तिथं स्फिअर निवडा, ट्रान्सपरंट बॅकग्राउंडवर टिक, लाइट मात्र नो लाइट ठेवा, नाहीतर तो स्वतःचाच उजेड टाकतो आणि तुमच्या शटरशी भांडतो. मधल्या चांदण्या मोठ्या राहतात, कडेच्या आपोआप चेपतात. फोटोशॉपवाल्यांना डिस्टॉर्टमध्ये स्फेराइज आहे.

नक्षीचा लेयर प्रतिबिंबाच्या खाली ठेवायचा असं सगळे सांगतात, ते रंगानं छापलेल्या नक्षीसाठी ठीक आहे. पण चमकी चिकटवलेली नक्षी असेल तर ती खरखरीत असते, तिच्यावर प्रतिबिंब पडत नाही. म्हणजे शटरचा पांढरा आकार चांदणीपाशी तुटला पाहिजे. चांदण्यांचं सिलेक्शन घेऊन शटरच्या लेयर मास्कवर काळा भरा, झालं. एवढ्यानं नक्षी गोळ्यावर बसल्यासारखी वाटते, फिल्टरपेक्षा जास्त काम हेच करतं.

आमच्या घरी आजीच्या वेळचे काचेचे दोन तीन गोळे आहेत, नाताळला डब्यातनं निघतात, लहान मुलांना हात लावायची बंदी. ते बघूनच सांगते, काचेच्या गोळ्याला चांदीचा थर आतनं असतो आणि रंग बाहेरनं पातळ लाखेसारखा. जर्मनीत लाउशा म्हणून गाव आहे, तिथं १९व्या शतकात असे गोळे फुंकून करायला लागले आणि आतनं सिल्व्हर नायट्रेटनं चांदी चढवायचे. म्हणून त्यात प्रतिबिंब दोन पडतात. एक आतल्या चांदीवरचं, ते रंगातनं गाळून येतं म्हणून लालात लालच दिसतं, आणि दुसरं वरच्या गुळगुळीत थरावरचं, ते पांढरं. तुम्ही शटर नुसतं पांढरं केलंत, त्याच्याखाली तेच शटर जरा मोठं, फिकट गुलाबीसर लाल रंगात, थोडं सरकवून टाकून बघा. आणि कडेला वरचा थर जास्त परावर्तित करतो, तिथं रंग थोडा धुतल्यासारखा फिका होतो.

पिक्सेल पाटील

दोन प्रतिबिंबांचं करून बघितलं, ताई नाद खुळा!! आता सोनेरीला पण असंच का?

ग्लोरी के

नाही, सोनेरी धातूसारखा पाहिजे असेल तर पांढरं वेगळं प्रतिबिंब नको, त्याचा उजेड पण पिवळट ठेवा. तैलरंग मॅडमनी सांगितलेलेच रंग.

फ्लेक्सछाप

पट्ट्यांचं मी सांगतो, छपाईला आल्यावर शिव्या आम्हालाच पडतात. आठ बिटमध्ये एका चॅनलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यातल्या प्रत्येकाला, २५६ च पायऱ्या असतात, गडद लालापासून जरा कमी गडद लालापर्यंत त्यातल्या जेमतेम वीस पंचवीस वाट्याला येतात, त्या हजार पिक्सेलवर पसरल्या की पट्टे दिसणारच. इमेज मेनूत प्रिसिजन आहे, तिथं १६ बिट करा, ग्रेडियंट टूलच्या खाली डिदरिंगवर टिक ठेवा, त्यानं पायऱ्यांच्या कडा ठिपक्यांनी मिसळतात, आणि शेवटी अगदी बारीक नॉइज (रंगाचे दाणे) टाका, दिसणार नाही इतका. फाइल जेपेगमध्ये चारदा सेव्ह करू नका, एक्ससीएफ (जिम्पची मूळ फाइल) जपून ठेवा आणि आम्हाला टिफ द्या.

साइज. सहा बाय तीन फुटांच्या फ्लेक्सला १०० डीपीआय, म्हणजे इंचाला १०० ठिपके, रग्गड झालं, म्हणजे ७२०० बाय ३६०० पिक्सेल. बॉक्सला ३०० डीपीआय पाहिजे आणि कटिंगला चारी बाजूनं तीन मिलिमीटर जादा. पण जुन्या लॅपटॉपवर अख्खा फ्लेक्स उघडून गोळा काढत बसू नका, हँग होईल. एक गोळा २००० पिक्सेलच्या वेगळ्या फाइलमध्ये करा, फ्लेक्सवर फूटभर गोळा म्हणजे १२०० पिक्सेल आणि बॉक्सवर तीन इंच म्हणजे ९००, दोन्हीला पुरतो.

आता खरा मुद्दा. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही. छपाईत सगळ्यात पांढरं म्हणजे कोरा कागद, त्याच्यावर पांढरं काय मिळत नाही. त्यामुळं ग्लो वगैरे जे टाकाल ते छपाईत नुसता फिका डाग होतो, चकाकी टिकते ती शेजारच्या गडद रंगामुळं. लाल आणि निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जातानाच थोडे बसतात, भडक निळा तर हमखास जांभळा होऊन येतो. छापल्यावर कसं दिसेल ते जिम्पमध्ये प्रूफ कलर्स लावून आधीच बघा, नाहीतर फाइल क्रिटा ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तिथं सीएमवायके मोड आहे. सोनेरी बॉक्सवर खरंच चमकायला पाहिजे असेल तर फॉइल मारावी लागते, त्याचा ठसा वेगळा, खर्च वेगळा, मालकांना आधी विचारा.

झटपट

एवढं सगळं एका गोळ्याला? 🙏

हुपरीकर

मग काय तर. पैसे त्याचेच देणार की ते.

पिक्सेल पाटील

फॉइलचं विचारलं, नको म्हणाले. निळा जरा हिरव्याकडं सरकवलाय, प्रूफमध्ये आता निळाच दिसतोय. शेवटचं एक, वरची टोपी काय करू, आत्ता नुसता राखाडी चौकोन आहे.

हुपरीकर

ती पत्र्याची असते, उभ्या चुण्या असतात तिला. चौकोनाच्या वर आणि खाली कड वाकवा, मग उभे पट्टे, पांढरा, गडद, मध्यम, परत गडद, मध्ये रुंद आणि कडेकडे अरुंद करत न्यायचे, एकसारखे अजिबात नको. वर तारेची कडी, तिला एका बाजूनं पांढरी रेघ. आणि टोपीच्या खाली गोळ्यावर तिचं उलटं प्रतिबिंब पडतं, बोटभर गडद पट्टा, तो टाकलात की टोपी गोळ्यात रुतून बसते. दोरा सरळ उभा ठेवा, गोळा लोंबतोय असं वाटलं पाहिजे.

तैलरंग

आणि दोऱ्याची बारीक रेघ गोळ्यात पण दिसू दे, टोपीपासून अर्ध्या इंचापर्यंत. झालं की इथं टाका, बघायचंय.