लंडनमध्ये आधी लिफ्ट विचारा

लंडनमध्ये कुटुंबानं कुठं राहावं, असं विचारलं की पॅडिंग्टन भागातली स्वस्त हॉटेलं सुचवली जातात. जागा मोक्याची, पण त्यातली बरीच म्हणजे जुनी घरंच. कित्येकांत लिफ्ट नाही. आम्ही तिथंच फसलो. तिसरा मजला, अरुंद जिना, ह्यांचा गुडघा आणि २३ किलोची बॅग! नातवाचा पार हमाल झाला.

पुढच्या खेपेला पश्चिम लंडनमधल्या ईलिंग ब्रॉडवे स्टेशनजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाची थेट गाडी, आणि त्या लाइनच्या सगळ्या स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या टाळता येतात. पोरं दहापर्यंत दार लावून लोळत, आमचा पहाटे पाचचा चहा कुणाची झोप न मोडता होई.

हो, नातवंडं ११ ते १५ वयाची असतील तर स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून त्यांच्या ऑयस्टर कार्डावर (लंडनमधल्या बस-रेल्वेचं भाडं भरायचं कार्ड) सवलत लावून घ्या. १४ दिवसांपर्यंत अर्धंच भाडं पडतं.