यॉर्कशायरमधली '-बी' आणि '-थॉर्प'ची गावं: व्हायकिंग खरंच वसले, की नुसते मालक झाले?

लीड्सकर:
सेल्बी, वेदरबी, व्हिटबी, खाली लिंकनशायरात ग्रिम्सबी आणि स्कन्थॉर्प. इकडे गाडी काढली की दर दोन-चार मैलांवर अशी पाटी. 'बी' म्हणजे गाव, 'थॉर्प' म्हणजे बहुधा मोठ्या गावातून फुटलेली वाडी. दोन्ही शब्द नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतले. ८७६ मध्ये व्हायकिंग फौजेचा नेता हाफडाननं नॉर्थम्ब्रियाची (उत्तर इंग्लंडातलं तेव्हाचं राज्य) जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ते नांगर धरू लागले, असं अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल ही इंग्रजांची जुनी बखरच सांगते. तरी 'मूठभर सैनिक आले आणि वतनदार झाले' हे मत काही जाता जात नाही. इथले जुने लोक ओढ्याला 'बेक' म्हणतात, पोरांच्या खेळण्याला 'लेकिंग'. ही काय वतनदारांची भाषा आहे?

पेठकरी:
पाट्यांवरून शिरगणती करू नका. डर्बी आधी नॉर्थवर्थी होतं. गाव तेच, नाव बदललं. आपल्याकडे खडकीचं औरंगाबाद झालं, तेव्हा काय दिल्लीहून कुणबी आले होते? शिवाय ग्रिम्सबी म्हणजे ग्रिमचं गाव. त्यात मालकाचं नाव कळतं, राबणाऱ्याचं नाही. २०१५ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासातही डॅनिश वस्तीचा ठळक ठसा मिळाला नव्हता.

लीड्सकर:
अहो, इंग्रजांचे पूर्वज अँगल्स आले त्याच डेन्मार्कच्या आसपासच्या मुलखातून. चार शतकांनी शेजारचेच लोक आले, तर जनुकांत वेगळे दिसणार कसे? आणि खडकी हे एक शहर. इथे शेताच्या तुकड्यांना, बांधांना, पाणथळ जागांना नॉर्स नावं आहेत. कुठला सुभेदार बांधाला नाव द्यायला बसतो?

पेठकरी:
त्यातली बरीच नावं बाराव्या-तेराव्या शतकातल्या दस्तांत पहिल्यांदा दिसतात. तोवर 'बेक' तिथल्या इंग्रजीतलाच शब्द झाला होता. नाव ठेवणारा नॉर्स बोलत होता, हे त्यातून सिद्ध होत नाही.

माजघर:
बायकांचं कोणी बोलेल का? लिंकनशायर आणि नॉरफोकच्या शेतांत मेटल डिटेक्टरवाल्यांना स्कँडिनेव्हियन घडणीचे बायकांचे ब्रोच (कपड्याला लावायच्या पिना) मोठ्या संख्येनं मिळाले आहेत. साधे, रोज अंगावर वापरायचे. लुटीला निघालेली फौज हे बरोबर घेऊन फिरत नाही. घर मांडलेलं दिसतंय.

शब्दखोर:
मला सर्वनामांचं पडलंय. फारसीनं मराठीला कागद, जमीन, दस्त, अर्ज इतकं सगळं दिलं, पण 'मी-तू-ते'ला हात लावला नाही. कचेरीतून नामं येतात, सर्वनामं नाहीत. इंग्रजीत मात्र 'दे', 'देअर', 'देम' नॉर्समधून आली. उत्तरेकडून हळूहळू खाली सरकली. लंडनचा कवी चॉसर चौदाव्या शतकाच्या शेवटी 'दे' लिहितो, पण 'देम'च्या जागी अजून जुनं 'हेम'च. एका चुलीवर जेवल्याशिवाय हे होत नाही.

पेठकरी:
'दे' जुन्या इंग्रजीतूनच घडलं असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. ब्रोचचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. (आता मेंढ्या मोजायचं 'यान, टान, टेथरा' कोणी व्हायकिंगांच्या खात्यावर टाकू नका. ते आकडे केल्टिक वळणाचे, म्हणजे वेल्श वगैरे भाषांच्या कुळातले आहेत.)

डोंगरवाट:
तुम्ही सगळे पूर्वेकडेच अडकलात. वायव्य इंग्लंडात, कंब्रियात या. इथे '-थ्वेट' दिसतं, म्हणजे झाडी तोडून काढलेली जमीन: बॅसनथ्वेट, सीथ्वेट. हे लोक डॅनिश फौजेतले नव्हेत. नॉर्वेकडचे, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या बेटांवर राहून आलेले. ॲस्पेट्रिया हे नाव बघा. 'पॅट्रिकचा ॲश वृक्ष', पण झाड आधी आणि पॅट्रिक नंतर. शब्द नॉर्स, क्रम गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या भाषेचा! आणि कड्याखालच्या रानात झाडी तोडायला जहागीरदार स्वतः जात नाही.

पेठकरी:
बरं, कंब्रिया तुमचा. डर्बी मी सोडत नाही.