प्रोस्टेट ५८ ग्रॅम, मधला भाग वाढलेला: क्लिप, वाफ की टीयूआरपी?

कापूसपट्टा:
वडील, वय ७१, गाव आर्णी तालुक्यात. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅम, मधला भाग मूत्राशयात १२ मिमी घुसलेला, लघवी झाल्यावर १४० मिली शिल्लक. क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) १.१, पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्त तपासणी) ३.१. प्रोस्टेटच्या गोळ्या टॅमसुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५ दीड वर्षापासून चालू. मधुमेह १२ वर्षांचा, अ‍ॅस्पिरिन ७५ रोज. तरी रात्री चार-पाचदा उठणं होऊनच राहिलं. एका डॉक्टरांनी टीयूआरपी (दुर्बिणीतून प्रोस्टेट आतून खरवडणं) सांगितलं, दुसऱ्यांनी वाफेचा उपचार. क्लिप लावणं आणि प्रोस्टेटची रक्तवाहिनी बंद करणं हेही ऐकलं. बाबा कापाकापीला तयार नाहीत. जाणकारांनी सांगावं जी.

वर्धाकाठ:
भाऊ, आधी पीएसए पुन्हा वाचा. ड्युटास्टेराइड सहा महिन्यांवर घेतलं की पीएसए साधारण निम्मं दिसतं. तुमचं ३.१ म्हणजे ६.२ धरायचं. गोळी कधीपासून चालू आहे ते डॉक्टरांना तारखेसह सांगा. बोटानं तपासणी आणि गरज वाटली तर एमआरआय, हे कुठल्याही उपचाराच्या आधी. टीयूआरपीत निघालेले तुकडे पॅथॉलॉजीला जातात. वाफ, क्लिप किंवा रक्तवाहिनी बंद करणं, यात तपासायला काहीच बाहेर निघत नाही. आत कॅन्सर असला तर तो तसाच राहून जातो.

दुसरं, तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजा, वेळ आणि मिली लिहा. रात्रीची आणि सकाळची पहिली मिळून चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर रात्री लघवी तयारच जास्त होते आहे. मग ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी ते उठणं थांबत नाही. साखर, पायावरची सूज, झोपेतलं घोरणं तपासावं लागतं. (आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, हाही विचारात घ्यावा. त्यात लघवी पातळ आणि जास्त होते. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधीच कळलं पाहिजे.)

युरोफ्लोमेट्री, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणं, झाली नसेल तर करा. निदान १५० मिली लघवी झाली तरच आलेख वाचण्याजोगा असतो. १२ वर्षांच्या मधुमेहात मूत्राशयच कमजोर झालेलं असू शकतं. शंका राहिली तर दाब मोजायची युरोडायनॅमिक तपासणी मागा.

मूत्रविकार_वॉर्ड:
क्लिप म्हणजे युरोलिफ्ट. बाजूचे दोन भाग मागे ओढून धरतात, बहुधा ४ ते ६ क्लिपा. वीर्यस्खलन टिकतं, हा मोठा फायदा. पण तुमचा १२ मिमीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडावर झडपेसारखा बसतो. बाजू ओढून ती झडप उघडत नाही. हा पर्याय मी सोडून देईन.

वाफेचा उपचार, म्हणजे रेझूम, मधल्या भागालाही चालतो. १०३ अंशांची वाफ सुईनं एकेका ठिकाणी ९ सेकंद सोडतात. ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीत करतात, तुमची त्यात बसते. अडचण नंतरची आहे. वाफ लागलेला भाग आधी सुजतो, म्हणून साधारण ३ ते ७ दिवस लघवीची नळी (कॅथेटर). मूत्राशय कमजोर असेल तर त्याहून जास्त. पुढे काही आठवडे जळजळ आणि घाई, पूर्ण फरक तीन महिन्यांनी. "बिघडलं" असं वाटून याच काळात लोक दवाखाने बदलतात.

रक्तवाहिनी बंद करणं हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं काम. मनगटातून किंवा मांडीतून तार घालून ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडायला बारीक मणी सोडतात. मोठ्या ग्रंथीत किंवा भूल झेपत नसेल तेव्हा उपयोगी. जुन्या मधुमेहात धमन्या कडक असतात, एखाद्या बाजूला तार पोहोचतच नाही. शिवाय धमन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून टोचतात त्या रंगाच्या औषधाचा किडनीवर ताण.

टीयूआरपीत पोटावर काप नसतो, सगळं लघवीच्या वाटेनं दुर्बिणीतून. बाबांना हे आधी समजावा. कंबरेखालची भूल, नळी दोन-तीन दिवस, धार लगेच सुधारते. वीर्य मात्र बहुतेकांचं मागे मूत्राशयात जातं. सलाइनवर चालणारी बायपोलर मशीन आहे का विचारा. जुन्या मोनोपोलरमध्ये ग्लायसिन वापरतात, ते रक्तात जास्त शोषलं तर सोडियम घसरतं. पीएसएचा प्रश्न सुटला आणि अडथळा खरा ठरला, तर तुमच्या आकड्यांवर माझा कौल बायपोलर टीयूआरपी किंवा होलेपला (लेझरनं वाढलेला भाग सोलून काढणं).

कापूसपट्टा:
नळीसकट गावी आणलं तर काय सांभाळायचं? नागपूर एसटीनं चार-पाच तास.

वर्धाकाठ:
पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधा. पिशवी रिकामी आणि ओटीपोट फुगलेलं दिसलं तर आधी पीळ बघा. पीळ नसेल तर गुठळी अडकलेली असू शकते, लगेच निघा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नळी धुऊन किंवा बदलून मिळते का, हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवा. नळीचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. गुलाबी लघवी चालते. घट्ट लाल किंवा गुठळ्या चालत नाहीत. टीयूआरपीनंतर १०–१४ दिवसांनी खपली सुटून थोडं लाल पुन्हा येतं, तेव्हा पाणी वाढवा. चार ते सहा आठवडे मोटरसायकल, पोती उचलणं बंद आणि पोट साफ राहिलं पाहिजे. म्हणून तारीख पेरणी-वेचणी सोडून घ्या.

अ‍ॅस्पिरिन मनानं थांबवू नका, ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. मोतीबिंदूच्या शिबिरात टॅमसुलोसिन घेतो असं आवर्जून सांगा, ते बंद केलेलं असलं तरी. बाहुली नीट मोठी होत नाही, सर्जनला वेगळी तयारी लागते.

७० पूर्ण झाल्यामुळे आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही. त्या रुग्णालयात टीयूआरपी योजनेत होतं का, ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) विचारा. आणि तोवर सर्दीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, त्यांनी लघवी पूर्ण अडकू शकते.