गिधाडं: औषधाचा मुद्दा राहून गेला

मेलेली जनावरं उघड्यावर टाकणं बंद झालं म्हणून गिधाडं उपासमारीनं संपली, असं सांगितलं जातं; त्यात औषधाचा मुद्दा राहून जातो. थोडं खरं आहे, आमच्या बीडकडंही दावणीची जनावरं कमी झालीत. पण मूळ कारण विष आहे. सुजेवर, दुखण्यावर जनावराला दिलेलं डायक्लोफेनॅक त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. २००४ मध्ये हे सिद्ध झालं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी बंदी आली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. केवढं मोठं नुकसान!

बंदीनंतर याच औषधाच्या माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात यायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका डोसाच्या कुपीपुरतं ठेवलं. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही गिधाडांना घातक असलेली दुखण्यावरची औषधंही बंद झाली. तरीही गेल्या पोळ्याआधी आमचा बैल लंगडला, तेव्हा सुई द्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीतून डायक्लोफेनॅकच निघालं. मी हट्टानं थांबवलं आणि मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध आणवलं. ते गिधाडांना सुरक्षित आहे, तालुक्याच्या मेडिकलात मिळालं, बैलालाही गुण आला. कळकळीनं सांगतो, कुपीवरचं नाव वाचल्याशिवाय जनावराला सुई टोचू देऊ नका.