'एंजल आइज'चं कोणतं रूप ऐकलंत?

रॉक्सी म्युझिक हा ब्रिटिश रॉक बँड 'मॅनिफेस्टो' या तबकडीपासून अचानक गुळमुळीत झाला, असं काही जण म्हणतात. 'अचानक' हे पटत नाही. 'सायरन' १९७५चा, 'मॅनिफेस्टो' १९७९चा. मधे बँड बंदच होता. शिवाय तबकडीच्या बाजूंनाच 'ईस्ट साइड' आणि 'वेस्ट साइड' अशी वेगळी नावं आहेत, म्हणजे सगळं एकाच सुरातलं नाही. शीर्षकगीतात गायक ब्रायन फेरीचा आवाज यायला बराच वेळ लागतो, तोवर बास आणि गिटार घुमत राहतात. यात हळवं काय आहे?

घोळ होतो तो आवृत्त्यांमुळे. 'मॅनिफेस्टो'च्या मूळ तबकडीवरचं 'एंजल आइज' हे गाणं गिटारवर चालणारं रॉक आहे. सिंगलसाठी, म्हणजे सुट्या गाण्याच्या तबकडीसाठी, ते डिस्को ठेक्यावर नव्यानं रेकॉर्ड केलं आणि पुढच्या छपायांत तेच घातलं. तेव्हा तुमच्याकडची प्रत आधी तपासा. पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

खरा मऊपणा ड्रम्समधून आला, असं माझं मत. ड्रमर पॉल थॉम्पसन १९८०मध्ये बँड सोडून गेला, त्याच्याबरोबर त्याचा दणकाही गेला. 'अ‍ॅव्हलॉन'वर (१९८२ची तबकडी) अँडी न्यूमार्कचं संयमी ड्रमवादन आणि बॉब क्लिअरमाउंटनचं मिक्सिंग. तिथे गिटारही धुक्यासारखी मागे पसरते. 'मॅनिफेस्टो'त ती अजून ओरखडते.