मदत हवी आहे: मॉडेल संत्र्याच्या झाडांना नुसता 'ताण' दाखवतंय

फांदीबहाद्दर: ११ झाडांवर डेंड्रोमीटर (खोडाचा व्यास मोजणारे सेन्सर), दर १५ मिनिटांनी रीडिंग. त्यावरून झाडाला पाण्याचा ताण आहे की नाही ते सांगणाऱ्या रँडम फॉरेस्ट मॉडेलची ॲक्युरसी ९७ टक्के होती. आता १० झाडांना सारखा 'ताण', फक्त ७ नंबरचं झाड 'ठीक'. एलएसटीएम (कालक्रमाच्या डेटासाठीचं न्यूरल नेटवर्क) लावू का? उद्या दाखवायचंय.

काळीमाती: गाव, जमीन, बहार? ट्रेनिंगचा डेटा कोणत्या महिन्यांचा?

फांदीबहाद्दर: वरूड, भारी काळी, आंबिया. ऑगस्ट ते नोव्हेंबर. बहाराचा काय संबंध?

काळीमाती: भाऊ, सगळा संबंध तोच! आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा बहार; त्यासाठी डिसेंबरात पाणी तोडलं असेल. झाडं ताणावर ठेवलीत तुम्हीच, मॉडेल खरं बोलतंय. 'ताण आहे की नाही' विचारून उपयोग नाही, किती बसला ते मोजा. खोडाच्या आजवरच्या सर्वाधिक व्यासातून आजचा पहाटेचा व्यास वजा करा. दुपारी पाणी दिलेलं झाडही आकसतं. रात्रीतून खोड भरून निघालं नाही तर ती खरी तूट.

डेटाखोर: ते ९७ टक्केही विसरा. १५ मिनिटांच्या रीडिंगच्या ओळी पिसून शिकवायचा आणि तपासायचा डेटा (ट्रेन-टेस्ट) वेगळा केलाय ना? शेजारची ओळच उत्तर सांगते. झाडांनुसार वाटा आणि एक अख्खा हंगाम बाजूला ठेवा.

उपग्रहप्रेमी: सेन्सर कशाला? सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट आहेत.

काळीमाती: झाडं ६ बाय ६ मीटरवर, एनडीएमआयचा (पानांतला ओलावा दाखवणारा इंडेक्स) पिक्सेल २० मीटरचा. पावसाळ्यात तणच मोजाल.

उपग्रहप्रेमी: तण उन्हाळ्यात वाळतं. फक्त हार्मोनाइज्ड (जुनी-नवी मूल्यं एका पट्टीवर आणलेला) संच घ्या; जानेवारी २०२२ च्या शेवटापासून मूल्यांत १००० ची भर आहे, जुनी-नवी दृश्यं तशीच जोडली की इंडेक्स उडी मारतो.

बागवानकाका: खोडाला बोर्डो पेस्ट लावली का? १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आटोक्यात राहतो.

फांदीबहाद्दर: काका, प्रश्न तो नाही. पण हो, गेल्या आठवड्यात गड्यानं लावली. सेन्सरसकट.

डेटाखोर: घ्या! सेन्सरच्या टोकाखालची पेस्ट आणि सुटी साल हलक्या हातानं खरवडा, जिवंत सालीला धक्का नको. मग शून्य नव्यानं धरा. सेन्सरची फ्रेम कशाची?

फांदीबहाद्दर: ॲल्युमिनियम, १० सेंमी.

डेटाखोर: २० अंशांच्या फरकाला ती ४६ मायक्रॉन लांबते. सेन्सर मागे सरकतो, खोड आकसल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात दिवस-रात्रीचा फरक कमी, म्हणून तुमच्या ट्रेनिंगला हे कळलंच नाही. एक जादा फ्रेम काचेच्या जाड तुकड्यावर बांधून बागेतच ठेवा आणि तिचं रीडिंग बाकीच्यांतून वजा करा.

फांदीबहाद्दर: करतो. पाणी सोडायला तूट किती धरू?

काळीमाती: दुसऱ्याच्या बागेचा आकडा चालत नाही. पानं पिवळसर होऊन गळायला लागतील त्या दिवशीची तूट लिहून ठेवा, तीच धरा. आणि ७ नंबरचं ठिबक बघा आधी.

फांदीबहाद्दर: व्हॉल्व्ह गळतोय तिथला, म्हणून ते 'ठीक'.

बागवानकाका: पेस्ट मे महिन्यात परत लावायची आहे.