गोटा फेकून प्राणी पकडायचा गेम बनवतोय, पालवर्ल्डसारखी केस आमच्यावर होऊ शकते का?

घाटवाट_गेम्स
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र कोथरूडला त्याच्या घरच्या वरच्या खोलीत बसून गेम बनवतोय, नोकरी सांभाळून. सह्याद्रीतले काल्पनिक प्राणी आहेत, गोफणीने त्यांना दमवायचं, मग मंतरलेला गोटा फेकला की प्राणी त्यात जातो आणि पुढे तोच गोटा फेकला की बाहेर येऊन आपल्या बाजूने लढतो. शिवाय कड्यावरून मोठ्या घारीला धरून दरीत तरंगत उतरता येतं. परवा एका टेस्टरने विचारलं की हे सगळं निन्टेंडोच्या पेटंटमध्ये येतं ना, आणि तेव्हापासून कामात लक्ष लागत नाहीये. चित्रं, नावं, गोष्ट सगळं आमचं आहे, एकही प्राणी पोकेमॉनसारखा दिसत नाही. तरी नुसत्या खेळायच्या पद्धतीवरून केस होते का? स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, टाकायचाय. आत्ताच काढून टाकू का हे?

लोडिंग_चालू_आहे
भावा, होते. पालवर्ल्ड म्हणजे गोळा फेकून प्राणी पकडायचा जपानी गेम, त्याची केस नेमकी तशीच आहे. गेम आला जानेवारी 2024 ला, सगळे म्हणत होते प्राणी कॉपी केलेत, कॉपीराइटची केस होणार, पण सप्टेंबर 2024 मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनी टोकियोच्या कोर्टात गेले ते पेटंट घेऊन. तीन पेटंट आहेत, पालवर्ल्ड बनवणाऱ्या पॉकेटपेअरने स्वतःच नंबर जाहीर केले. मागितलेत दोघांना 50-50 लाख येन आणि व्याज, म्हणजे आपल्याकडचे सगळे मिळून 50-60 लाख रुपये, एवढ्या कंपनीला ते काहीच नाही, खरी मागणी आहे ती गेमवर बंदीची. आणि परिणाम बघ, त्याच नोव्हेंबरात पॅच आला आणि गोळा फेकून पाल, म्हणजे त्या गेममधला प्राणी, बोलवायची सोय गेली, आता तो आपल्या शेजारीच येतो. मे 2025 मध्ये पालला धरून तरंगणंही गेलं, ग्लायडर लागतो. निकाल लागायच्या आधीच गेम बदलला. तुझी घार वाचून मला तेच आठवलं.

नेमेसिस_परत_द्या
मला या विषयावर खरंच राग येतो. शॅडो ऑफ मॉर्डोर गेममधली नेमेसिस सिस्टिम आठवते का, आपल्याला मारलेला ऑर्क राक्षस बढती घेऊन परत येतो, आपल्याला ओळखतो, मागचं काढून बोलतो. वॉर्नर कंपनीने 2021 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळवलं, 2036 पर्यंत चालेल, आणि 2025 मध्ये तो गेम बनवणारा मोनोलिथ स्टुडिओच बंद केला. बनवणारी माणसं बाहेर आणि कल्पना कपाटात! नामको या गेम कंपनीकडे लोडिंग चालू असताना छोटा गेम खेळायचं पेटंट होतं, ते 2015 ला संपलं, तोवर एसएसडीसारख्या वेगवान डिस्क येऊन लोडिंगच कमी होत चाललेलं. आमच्या वयाच्या पोरांनी कित्येक तास ती पट्टी भरताना बघत घालवलेत. घाटवाट, तुम्ही काहीही काढू नका, घाबरून काढलंत तर पेटंट न वापरताच त्यांचं काम झालं.

दावा_क्रमांक_एक
मी शिवाजीनगरला पेटंटचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी आपल्याकडचं. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात कलम 3-एम आहे, त्यात खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच धरत नाहीत, आणि 3-के मध्ये नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅमही बाहेर ठेवलाय. वकील मंडळी तांत्रिक परिणाम दाखवून 3-के मधून वाट काढतात, पण गोटा फेकून प्राणी पकडणं या कल्पनेवर इथे हक्क मिळवणं अवघड आहे. फक्त पेटंट त्या त्या देशापुरतं असतं, आणि हीच गोष्ट उलटही लागू होते, तुम्ही कोथरूडला बसून बनवलं तरी जपानात विकलंत की जपानचं पेटंट लागणार.

दुसरं, टेस्टर म्हणाला "पेटंटमध्ये येतं" तर त्याने दावे वाचलेत का ते विचारा. पेटंटचं शीर्षक आणि चित्रं बघून काही ठरत नाही, शेवटी जे दावे असतात त्यातला एकेक घटक तुमच्या गेममध्ये असावा लागतो, एक जरी नसला तरी तो दावा तुम्हाला सहसा लागत नाही. जपानमधल्या दाव्यांमध्ये निशाणा कसा धरला जातो, पकडायची वस्तू आणि लढणारं पात्र त्याच निशाण्याने कसं सोडलं जातं असं बारीक बारीक लिहिलंय. तुमच्याकडे पकडायला गोफण आणि गोटा असे दोन टप्पे आहेत, पण त्यानेच सुटलात असं समजू नका, त्यांच्या दाव्यातलं सगळं असून वर तुमचं जास्तीचं काही असेल तरी ते लागतं. त्यामुळे दावा समोर ठेवून ओळ न ओळ ताडून बघा.

तारखांचं पण समजून घ्या, कारण यावर लोक फार भडकतात. ते तीन अर्ज 2024 मध्ये, म्हणजे पालवर्ल्ड आल्यानंतर केलेले आहेत, पण डिसेंबर 2021 च्या मूळ अर्जातून फोडलेले, म्हणून तारीख 2021 ची धरली जाते. हे कायदेशीर आहे, मला पटत नाही तो भाग वेगळा. त्याआधी कोणी तेच केलेलं दाखवता आलं तर पेटंट पडू शकतं. ऑक्टोबर 2025 मध्ये जपानच्या पेटंट ऑफिसने त्याच घराण्यातल्या आणखी एका अर्जाला नकाराची नोटीस दिली, कारणांमध्ये आर्क आणि पॉकेटपेअरचाच क्राफ्टोपिया हे जुने गेम होते. अमेरिकेत सप्टेंबर 2025 ला मिळालेलं पात्र बोलवून लढवायचं पेटंटही दोन महिन्यांत फेरतपासणीला गेलं.

नेमेसिस_परत_द्या
ताई, पण तपासून पेटंट पडेपर्यंत दोन पोरांची कंपनी उरते का? कोलोप्ल या जपानी मोबाइल गेम कंपनीने टचस्क्रीनच्या जॉयस्टिकवरून वगैरे निन्टेंडोशी तीनेक वर्षं केस लढवली आणि 2021 मध्ये 330 कोटी येन देऊन मिटवली.

दावा_क्रमांक_एक
बरोबर आहे, म्हणूनच नुसतं "काढू नका" म्हणणं मला जबाबदारीचं वाटत नाही. सध्या दोघांनी हे करा: प्रत्येक बिल्डची (गेमच्या आवृत्तीची) तारीख आणि डिझाइनच्या वह्या जपून ठेवा, त्या तीन पेटंटचे नंबर घेऊन दाव्यांशी ताडा, आणि गोटा फेकणं व घार हे भाग कोडमध्ये असे वेगळे ठेवा की उद्या बदलावे लागले तर बाकी गेम हलणार नाही. स्टीमवर देश निवडून विक्री बंद ठेवता येते, जपानचं शेवटी ठरवा.

घाटवाट_गेम्स
खूप आभार सगळ्यांचे. गोटा सोडायचा नाहीये, तो गोष्टीचाच भाग आहे. घारीचं मात्र मित्राला दाखवतो, त्याने ते सगळं खेळाडूच्याच कोडमध्ये गुंफून ठेवलंय, आधी ते सोडवावं लागेल. ताई, दावे जपानीत आहेत, इंग्रजी भाषांतर मशिनचं असेल तर त्यावर कितपत विसंबायचं?

दावा_क्रमांक_एक
पहिल्या चाळणीला चालेल. जिथे जुळतंय असं वाटेल तेवढेच दावे जपानी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, पुण्यात जपानी शिकलेले भरपूर आहेत, पण पेटंटची भाषा येणारा बघा.